लाईन वळत नाही म्हणे

विजेच्या टावर लाईनवाले गावात पहिल्यांदा येतात तेव्हा त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "काका, लाईन सरळ जाते, ती वळवता येत नाही." म्हणणारा बहुतेक वेळा पंचविशीतला पोरगा असतो, डिप्लोमा झालेला, कंपनीच्या ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे कामाला, हातात जीपीएसचं यंत्र, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यात काही दोष नसतो, त्याला तेवढंच सांगून पाठवलेलं असतं. ऐकणारा असतो आमच्या नानांसारखा माणूस, म्हणजे माझे थोरले चुलते, नगर जिल्ह्यातली कोरडवाहू-बागायत मिळून जमीन, कांदा, थोडी डाळिंबं, बांधावर आंबा, आणि आयुष्यभर नकाशा बघितलाय तो फक्त मोजणीचा. तो म्हणतो बरं. लाईन वळत नाही म्हटल्यावर तो तरी काय बोलणार.

आमच्याकडून ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची, लाईन गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला, सुट्टीला गेलो की नवीन काहीतरी दिसायचं, आधी कांद्यात मारलेल्या लाल रंगाच्या खुंट्या, मग शिवारात चार खड्डे, मग त्यातून वर आलेले लोखंडी पाय. नानांनी पहिल्या खुंट्या उपटून टाकल्या होत्या. गावातल्या निम्म्या लोकांनी टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पोरगा परत आला आणि शांतपणे परत मारून गेला, कारण त्याच्याकडे अक्षांश-रेखांश होते, त्याला खुंटीची गरजच नव्हती, ती आमच्यासाठी होती.

मग मी जरा वाचायला लागलो, म्हटलं बघू तरी कुठला कायदा आहे हा. आणि निघाला १८८५ सालचा. भारतीय टेलिग्राफ कायदा. इंग्रजांना तारायंत्राचे खांब रोवायचे होते म्हणून केलेला. २००३ च्या वीज कायद्यातलं कलम १६४ असं सांगतं की सरकार वीज वाहून नेणाऱ्या कंपनीला तारखात्याचे हे सगळे अधिकार देऊ शकतं. तार बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, २०२३ ला टेलिकॉमचा नवा कायदा पण आला, पण त्या नव्या कायद्यातसुद्धा जुन्याचा तिसरा भाग वीजलाईनवाल्यांसाठी मुद्दाम जिवंत ठेवलाय. म्हणजे कुणीतरी बसून आठवणीने ते केलंय.

या कायद्याची गंमत अशी की तो तुमची जमीन घेतच नाही. कलम १० वाचा, सरकारला त्या जमिनीत वापरापुरता हक्क मिळतो, मालकी तुमचीच. सातबारा तुमचा, सारा तुम्ही भरायचा, टावर त्यांचा. आणि जमीन घेतलीच नाही म्हटल्यावर भूसंपादनाचा कायदा लागू होत नाही, चौपट मोबदला नाही, संमती नाही, सामाजिक परिणामांचा अभ्यास नाही. पर्यावरण परवानगीची जी २००६ ची अधिसूचना आहे तिच्या यादीत वीजलाईनी नाहीतच, त्यामुळे जनसुनावणी पण नाही. धरण होताना, कारखाना होताना निदान एक मांडव घालतात, माईक असतो, कुणीतरी उठून शिव्या तरी देतो. इथे ती सोय नाही. पेपरात एक जाहिरात येते, बारीक अक्षरात गावांची नावं, आणि ती ज्या दिवशी येते त्या दिवशी नेमका तो पेपर तुमच्याकडे आलेला नसतो.

संमती लागते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक केस सांगतो. छत्तीसगडमध्ये सेंच्युरी टेक्स्टाइल्स या कंपनीच्या चुनखडीच्या खाणपट्ट्यावरून पॉवरग्रिड या केंद्र सरकारच्या वीजवाहक कंपनीची लाईन चालली होती, कंपनी कोर्टात गेली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये निकाल लागला की कलम १६४ चे अधिकार दिलेले असतील तर जमीनमालकाची संमती लागत नाही. एवढी मोठी सिमेंटवाली कंपनी, वकिलांची फौज, तिला जिथे नाही म्हणता आलं नाही तिथे पाच एकरवाला काय म्हणणार.

आता ते पाच एकराचं गणित बघा कारण बाहेरच्यांना वाटतं टावरची जागा गेली, म्हणजे दोन-चार गुंठे गेले, त्यात काय एवढं. टावरच्या पायांची जागा हा मुद्दाच नाही. ४०० केव्हीच्या लाईनखाली ४६ मीटर रुंदीचा पट्टा धरतात, २२० ला ३५, आणि ७६५ ला तर साठच्या पुढे. शेतातून लाईन दोनशे मीटर गेली तर ४६ गुणिले २०० म्हणजे ९,२०० चौरस मीटर, म्हणजे ९१ गुंठे, सव्वादोन एकर! या सव्वादोन एकरात घर बांधायचं नाही, गोठा-शेड टाकायची नाही, आंबा-नारळ लावायचा नाही, आहेत ते तोडणार, बोअरची गाडी उभी करायची तर परवानगी, ऊसतोडणीचं यंत्र किंवा जेसीबी आणला तर जीव मुठीत. स्प्रिंकलरचे ॲल्युमिनियमचे पाईप आपण सवयीने उभे धरून झटकतो ना पाणी काढायला, ते लाईनखाली करायचं नाही, त्यात माणसं गेलीत.

या पट्ट्याचे पैसे किती? केंद्राच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये टावरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के असं होतं. त्याच्या आधी तर पट्ट्याला काही नाहीच, फक्त पीक नुकसानी. जून २०२४ मध्ये ते वाढवून टावरला २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के केलं, मागाहून शहरी भागासाठी पट्ट्याचा टक्का अजून वाढवला. वाढलं हे चांगलंच झालं, नाही म्हणत नाही. पण एकरकमी आणि एकदाच. आमच्याच गावात एकाच्या पत्र्याच्या घराशेजारी मोबाईलचा टावर आहे, त्याला दर महिन्याला भाडं येतं, करार संपला की वाढवून मिळतं, आणि शेजारच्या शेतातल्या ह्याच्या कितीतरी पट मोठ्या टावरला एकदाच चेक आणि विषय संपला. का, तर मोबाईलवाल्याला ती जागा मागावी लागते आणि लाईनवाल्याला मागावी लागत नाही.

नानांच्या शेतात टावर नव्हता, फक्त तारा होत्या. त्यामुळे त्यांना मिळाली डाळिंबाच्या झाडांची आणि दोन आंब्यांची नुकसानी. पंचनाम्याला तलाठी, कृषीवाले आणि ठेकेदाराचा माणूस असे आले, झाडाचं वय विचारलं. नाना म्हणाले मला माहित नाही, मी लहान असल्यापासून आहे. असं वय फॉर्मवर लिहिता येत नाही म्हणून काहीतरी आकडा टाकला. काकी तेव्हा घरात जाऊन बसली ती माणसं निघून जाईपर्यंत बाहेर आली नाही, लोणच्याच्या कैऱ्या त्याच झाडाच्या असायच्या.

विरोध झाला का? झाला की. खड्ड्यात बसले लोक. बायका पण बसल्या, खरंतर बायकाच जास्त टिकल्या, पुरुष मंडळी दुपारी जेवायला म्हणून जायची ती पारावर अडकायची. तहसीलला मोर्चा, प्रांताकडे बैठक, आमदारांचं पत्र, एका पेपरात फोटो. मग त्याच टेलिग्राफ कायद्याचं कलम १६. म्हणजे काम अडवलं तर जिल्हादंडाधिकारी आदेश काढतात, आणि आदेशानंतर कुणी अडवलं तर तो गुन्हा. पोलीस बंदोबस्त आला, गाडीभर. पोलिसांमधला एकजण शेजारच्या तालुक्यातलाच निघाला, त्याच्या मामाच्या रानातूनही हीच लाईन जाणार होती, तो म्हणे "बसा तुम्ही अजून अर्धा तास, मग उठवतो."

पण विरोध मोडला तो पोलिसांमुळे नाही. कंपनीच्या लायझनच्या माणसाने एकेकाला वेगळं बोलावलं, कुणाला किती दिले हे कुणालाच सांगायचं नाही ही अट, आणि दोन आठवड्यांत गावात जो तो दुसऱ्याच्या नवीन मोटरसायकलकडे संशयाने बघायला लागला. ज्यांच्यात बांधावरून आधीच कोर्टकचेऱ्या होत्या त्यांच्यात तर आयतंच. आमच्यात म्हणतात ना, भाऊबंदकीला बाहेरचा शत्रू लागत नाही, आणि इथे तर बाहेरचा आपणहून पाकीट घेऊन आलेला. माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही आहे, टावर नाही. दर उघड्यावर, चावडीत बोर्ड लावून जाहीर केले असते तर निम्मी भांडणं झाली नसती.

तार लागल्यावर काय होतं ते पण सांगतो. पावसाळी, धुकट सकाळी लाईन चरचरते, सुक्या भाकरीसारखा आवाज, एकसारखा. रात्री ट्यूबलाईट हातात धरून तारांखाली उभं राहिलं तर ती मिणमिणते, गावातल्या पोरांनी हे पहिल्याच महिन्यात करून बघितलं आणि व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर. तारेच्या कुंपणाला हात लावला की चटका बसतो, जीव जाण्यासारखा नाही पण म्हैस एकदा बसलेला चटका विसरत नाही. मग कॅन्सर होतो, पोरं होत नाहीत, मधमाशा मरतात, असं सगळं गावात बोललं जायला लागलं. मी त्याबद्दल जेवढं वाचलं त्यावरून मला वाटतं भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने, आयएआरसीने, २००२ मध्ये या चुंबकीय क्षेत्राला "कदाचित कॅन्सरकारक असू शकेल" अशा २बी गटात टाकलं, लहान मुलांच्या ल्युकेमियाशी एक कच्चा संबंध अभ्यासांमध्ये दिसला म्हणून, आणि त्या गटात इतरही बऱ्याच गोष्टी आहेत. त्यामुळे घाबरून गाव सोडण्यासारखं काही नाही. पण मीटिंगमध्ये काकीने हा प्रश्न विचारला तेव्हा साहेब हसले आणि "काही होत नाही हो मावशी" म्हणाले, पुढे एक शब्द नाही. तेवढं वाचून आले असते आणि सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मावशीला समजलं असतं, ती सहकारी बँकेची सगळी कागदं वाचून सही करणारी बाई आहे.

तर आता मूळ मुद्द्यावर येतो, लाईन वळत नाही.

पुढच्या वेळी हायवेने जाताना टावरांकडे नीट बघा. काही टावरांवर चिनीमातीच्या किंवा काचेच्या चकत्यांच्या माळा सरळ खाली लोंबतात, तो सरळ रांगेतला टावर. आणि मध्येच एखादा येतो, जाडजूड, पाय फाकवून उभा, त्याच्या माळा आडव्या ताणलेल्या असतात. तो वळणाचा टावर. ४०० केव्हीच्या दुहेरी लाईनीत यांना डीए, डीबी, डीसी, डीडी अशी नावं आहेत, डीए म्हणजे दोन अंशांपर्यंत, डीबी पंधरापर्यंत, डीसी तीसपर्यंत आणि डीडी साठ अंशांपर्यंत वळण घेणारा. साठ अंश! म्हणजे जवळजवळ काटकोनाकडे झुकणारं वळण घ्यायला कारखान्यात टावर तयार करून ठेवलेत, कॅटलॉगमध्ये आहेत, फक्त त्याला लोखंड जास्त लागतं, पाया मोठा लागतो, म्हणून महाग पडतो. हे मला कळलं तेव्हा मी गावाकडे गेल्यावर चुलतभावाला गाडीवर मागे बसवलं आणि लाईनच्या कडेकडेने गेलो. आमच्या शिवारात सगळे लोंबत्या माळांचे. शेजारच्या गावच्या हद्दीत, जिथे एका वजनदार माणसाची द्राक्षबाग आहे, तिथे आडव्या माळांचा, पुढे अजून एक आडव्या माळांचा, आणि मग परत सरळ. बागेमुळेच वळली का ते मी सांगू शकत नाही, मध्ये एक ओढा पण आहे. गावातलं कुणी मात्र ओढ्याचं नाव घेत नाही.

आणि मग देशभरातल्या लाईनी बघायला लागलो तर हेच. गोव्यातलं मोले बघा. छत्तीसगडच्या तमनारचं नाव असलेल्या गोवा-तमनार वीजलाईनीच्या प्रकल्पात ४०० केव्हीची लाईन भगवान महावीर अभयारण्यातून नेणार होते आणि सांगोडला सबस्टेशन. एप्रिल २०२०, सगळा देश घरात कोंडलेला, आणि वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ऑनलाइन बैठकीत मंजुरी दिली. त्याच जंगलातून रेल्वेचा दुसरा ट्रॅक आणि हायवेचं चौपदरीकरण पण होतं. गोव्यातली पोरं, चित्रकार, वकील, वनस्पतीवाले, मच्छीमार, सगळे उठले, नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रीचे रेल्वे रुळांवर जाऊन बसले. २०२१ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने लाईनबद्दल सांगितलं की नवीन जंगल फाडू नका, आधीची २२० केव्हीची लाईन ज्या पट्ट्यातून जाते त्याच पट्ट्यातून न्या, आणि २०२२ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं. म्हणजे वळली. आधीचा रस्ता होताच की शेजारी, तो आधी का नाही दिसला?

मुंबईचं बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाईट गेली, लोकल थांबल्या, बातम्याच बातम्या, आणि मग वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून आरेपर्यंतची एचव्हीडीसी, म्हणजे मोठ्या दाबाच्या डीसी करंटची, लाईन एकदम निकडीची झाली. ऐंशी किलोमीटरची. त्यातली साधारण तीस किलोमीटर टावरवरून आणि पन्नास जमिनीखालून. टावर कुठल्या टोकाला आणि केबल कुठल्या टोकाला हे सांगायला पाहिजे का? मुंबईत टावर उभे करायला जागा नाही हे मला मान्य आहे, तिथे दुसरा इलाजच नव्हता. पण मग जागा नाही याचा अर्थ जमिनीचा भाव जास्त, एवढाच होतो, कुडूसकडे पण जागा काही रिकामी पडलेली नाही, तिथे भात आहे.

तमिळनाडूत तर अजून स्पष्ट. छत्तीसगडातल्या रायगडहून पुगळूरला ८०० केव्हीची लाईन आली, तिथल्या कोंगू भागातल्या शेतकऱ्यांनी २०१८ मध्ये उपोषणं केली, म्हणाले जमिनीखालून न्या. त्यांना सांगितलं शक्य नाही. पुगळूरहून पुढे तीच वीज केरळात थ्रिसूरला जाते, आणि केरळातला शेवटचा टप्पा केबलने जमिनीखालून नेला. आता इंजिनिअर लोक सांगतील की त्या टप्प्याचा दाब कमी आहे, ३२० केव्ही, तंत्र वेगळं आहे, आणि ते बरोबरच आहे, पण तंत्र वेगळं निवडलं कारण केरळात घराला घर लागून आहे आणि तिथले लोक ऐकणार नाहीत हे आधीच माहित होतं. माळढोक पक्ष्यासाठीसुद्धा सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ ला राजस्थान-गुजरातमध्ये लाईनी जमिनीखाली घ्या म्हटलं होतं, मार्च २०२४ ला ते बरंच सैल केलं आणि तज्ज्ञांची समिती नेमली. आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक जवळजवळ संपलाच, त्यामुळे मला त्या पक्ष्याचं वाईट वाटतं, पण नाना ही बातमी ऐकून म्हणाले, "आपण पण माळावरच राहतो."

सगळ्या लाईनी जमिनीखाली घाला असं मी म्हणत नाही, ते शहरात बसून बोलायचं झालं. ४०० केव्हीची एसी करंटची केबल टावरच्या कित्येक पट महाग, लांब अंतरावर ती स्वतःच करंट खाते म्हणून मध्ये मध्ये रिॲक्टर, म्हणजे तो जादा करंट आवरणारी मोठी यंत्रं, बसवावे लागतात, बिघडली तर शोधायला आणि जोडायला वेळ लागतो, आणि तिच्यावरही झाड लावता येत नाहीच. आणि लाईन नकोच असंही नाही. कच्छमध्ये खावड्याला तीस हजार मेगावॉटचं सोलर-पवनचं काम चाललंय, ती वीज तिथे बसून राहणार नाही, ती यायची तर तारेवरूनच. आमचेच लोक गेली कित्येक वर्षं दिवसा लाईट द्या म्हणून रास्ता रोको करतायत, रात्री दोनला मोटर चालू करायला जाऊन साप चावून माणसं गेलीत. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एसी आहे. दाब जेवढा जास्त तेवढा करंट कमी आणि तारेतलं नुकसान करंटच्या वर्गाने कमी होतं, त्यामुळे लांबून आणायची तर मोठ्याच दाबाने आणावी लागणार. हे सगळं नानांना पण कळतं, त्यांनी कधी "लाईन नको" म्हटलंच नाही. ते म्हणायचे इकडून वीस कासरे सरकवा, बांधावरून न्या, तिकडे गायरान आहे. आणि तेव्हा उत्तर मिळायचं की आता उशीर झाला, टावरचे पॉईंट फायनल झालेत. म्हणजे खुंटी मारायच्या आधी कुणी विचारत नाही आणि खुंटी मारल्यावर सांगतात की उशीर झाला.

आता नवीन लाईनचं चाललंय, आमच्याकडे नाही, बहिणीच्या सासरी. खुंट्या अजून मारल्या नाहीत, फक्त ड्रोन फिरून गेला. दाजींचा फोन आला, अर्जात काय लिहू, मोबदला किती मागू. म्हटलं दाजी, मोबदल्याचं नंतर बघू, लाईन आखताना कंपन्या साधारण तीन वेगवेगळे मार्ग तपासून त्यातला एक घेतात, आधी त्या तिन्हींचे नकाशे मागा, आणि आडव्या माळांचे टावर कुठे कुठे आहेत त्याची यादी मागा. त्यांनी अर्ज दिला, पोच घेतली. तहसीलमधून सांगितलं नकाशे कंपनीकडे. कंपनीचा पोरगा म्हणतो ते हेड ऑफिसला असतात. आता माहिती अधिकारात टाकायचं ठरलंय, खाजगी कंपनी आहे म्हणून तो नेमका कुठल्या ऑफिसला टाकायचा यावर दाजी आणि त्यांच्या ओळखीचे एक वकील यांचं जमत नाहीये, आणि दाजींचं म्हणणं आहे की दोन्हीकडे टाकू, दहा-दहा रुपयांचा तर स्टॅम्प लागतो.